डावा कौल

१० मार्च

संध्याकाळी पोचले. कॉलेजात रजा टाकलीय, शिमगा होईपर्यंत इथेच.

बाबा थांब्यावर उभे. दर वेळी सांगते, येऊ नका. दर वेळी येतात. पिशवी हातातून ओढून घेतली आणि घराकडे न वळता सरळ नदीकडे चालू लागले. "आधी बघून घे. चहा काय पळून जात नाय."

नवा साकव, पायी जाण्यापुरता पूल. निळे-पांढरे कठडे. टोकाला पाटी. पाटीवर पुढाऱ्यांची नावं, खाली कुठल्याशा एजन्सीचं. नितेशचं नाव नाही. "काम त्यांच्या नावावर. बांधलान माझ्या पोरानं." बाबांनी पंच्यानं पाटीवरची धूळ पुसली.

कठड्याला एके ठिकाणी रंगाचा पोपडा सुटलेला. नखानं उचलला. आत सिमेंटमध्ये खाडीतल्या तिसरीचं शिंपलं. अख्खं.

खाडी इथून किती लांब!

११ मार्च

नितेशला विचारलं. गोठ्यामागे. त्याची बायको, दीपाली, घरात होती.

— खाडीची वाळू आहे ना रे?

"धुतलेली आहे."

— शिंपल्यांसकट?

हसला नाही. "ताई, काम हातात यायच्या आधी वाटे ठरतात. ज्याच्या नावावर आहे त्याचा, साहेबांचा, साहेबांच्या वरचा. उरेल त्यात पूल. मी नको म्हटलं असतं तर दुसऱ्यानं बांधला असता. त्यानं तर सळ्यासुद्धा..."

खाऱ्या वाळूची घरं रत्नागिरीत बघते मी. पावसात भिंतींना घाम फुटतो. मग आतली सळी गंजून फुगते. पण त्याला वर्षं लागतात. तसं त्याला म्हटलं.

"हो. वर्षं लागतात," तो म्हणाला आणि गुरांना पेंढा टाकायला गेला.

१२ मार्च

बाबांना शिंपलं दाखवलं. तळहातावर घेऊन उलटंसुलटं केलं. "समुद्र आला म्हणायचा देवीच्या भेटीला!" देवघरात नेऊन ठेवलं.

पुढचं बोलायचं राहिलं.

१४ मार्च

पालखी दर वर्षी खालच्या वाडीला नदीतून जाते. या दिवसांत पाणी घोट्याएवढं. यंदा साकवावरून न्यायची, असं चाकरमानी मुंबईहूनच ठरवून आलेत. वरून ड्रोनचं शूटिंग! पोरांचा उत्साह बघवत नाही आणि मोडवतही नाही.

बाबा म्हणतात, देवीची वाट बदलायची तर देवीला विचारायला हवं. उद्या कौल.

गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरचा. बाबा पडवीत पुटपुटत बसलेत. या वेळी त्यात नितेशचं नाव येणार आहे. मी गेले की गप्प होतात.

१५ मार्च

कौल झाला.

देऊळ भरलेलं. भागोजी गुरवानं फुलांचे दोन कळे पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणाला लावले, दोन खांद्यांना दोन. उजवा आधी पडला तर हो. डावा पडला तर नाही. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "आई, तुज्या लेकरानं, नितेशनं, नदीवर वाट बांधलान हाय. ती तुज्या पावलानं पावन होऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

बराच वेळ काही नाही. मग डावा पडला.

बाबांनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा डावाच.

मी कौल मानत नाही. तरी हायसं वाटलं. का ते मला माहीत आहे.

नितेशकडे पाहिलं. खांबाला टेकला होता. डोळे मिटलेले. मोठा श्वास सोडला त्यानं. बिचारा! सगळ्या गावासमोर!

मागून कुणीतरी म्हणालं, "देवीनं बिल पास केलान नाय रे!" हशा. दुसरा: "तिचा टक्का पोचला नसंल." आणखी हशा. म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत आहे. टक्का माहीत आहे. आणि त्याचं हसू येतं.

बाबांनी वळून पाहिलं तेव्हा थांबले.

१६ मार्च

पालखी नदीतून गेली. पहिला खांदा नितेशचा. ढोलावर असा नाचला की मुंबईचे जवान पोरगे दमून बाजूला झाले. वर साकव रिकामा.

बाबा काठावरच राहिले. पाण्यात उतरले नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

५ एप्रिल, रत्नागिरी

दीपालीचा फोन. साकवावरून आता चिटपाखरू जात नाही. देवी गेली नाही तिथून आपण कशाला, असं बायका म्हणतात. शाळेची पोरंसुद्धा नदीतून. कारणही ठरलंय — पाया खणताना नितेशनं राखण दिली नाही, कोंबडा कापला नाही, म्हणून देवी रुसली. "कोण सिमेंटचं बोलत नाय, ताई. सगळे कोंबड्याचंच बोलतायत."

काल बाबा स्वतः कोंबडा घेऊन गेले. तरी कुणी पुलावर चढेना.

१९ मे

सुट्टी. गावी.

बाबांचा नवा नेम. सकाळचा चहा झाला की साकव ओलांडून खालच्या वाडीत जायचं, महिपतकाकांच्या ओटीवर टेकायचं आणि परत. काम काही नाही. मी आज बरोबर निघाले, तर नको म्हणाले. "लेकीला ढाल करून आला म्हणतील."

काठावरून पाहिलं. मधोमध थांबले. तंबाखू मळली. खाली मथुरा कपडे धूत होती, तिला हाक — "काय गो मथुरा, मेलो काय बघ!"

"खाली उतरा तात्या! देवीशी कशाला पैज लावता?"

"देवीशी नाय गो. तुमच्याशी!"

घरी येताना मला म्हणाले, "बाय, पोराच्या पुलावर बाप गेला नाय, तर गावानं कशाला जावं?"

वाळूचं पुन्हा सांगितलं. सरळ सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. म्हणाले, "वर्षं लागतात ना? मग माझ्यापुरता झाला की."

२० मे

रात्री जेवताना नितेश म्हणाला, "बाबा, त्या पुलावरनं जाऊ नका. पाऊस येईल आता. शेवाळ धरतं."

बाबांनी आपल्या ताटातला बांगडा उचलून त्याच्या ताटात ठेवला. "तू लाजू नको रे. मी हाय."

नितेश तसाच उठला. हात धुतले. बांगडा ताटात तसाच.

दीपालीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, अपमान अजून जिरला नाही.

२४ जून, रत्नागिरी

नितेशचा फोन. असा कधी करत नाही. "ताई, तू सांग त्यांना. जायचंच असेल तर हायवेकडनं फिरून जाऊ देत. तुझं ऐकतात ते."

— तू सांग ना.

"मी सांगितलं की जास्तच जातात."

पुलाला काही झालंय का, विचारलं. "काय होणार? शेवाळ आहे नुसतं." आवाज ओढलेला. बरा आहेस ना, विचारलं. "हो."

२५ जून

बाबांना फोन केला. छत्री उलटी होऊन उडाली, तीच गोष्ट रंगवून सांगत बसले. मग: "महिपत आला काल पुलावर. अर्ध्यापर्यंत आला नि पळाला परत! म्हातारा झाला तरी पळतो बघ!" हसून हसून खोकला लागला.

मी म्हटलं, जाऊ नका, बाबा. माझ्यासाठी.

"एक पावसाळा निघू दे. सगळ्यांनी बघू दे. मग पुढच्या शिमग्याला परत कौल लावू. देवी काय जन्माची रुसत नाय."

११ जुलै

पाऊस. वीज नाही. पेपर तपासायचे राहिलेत.

१५ जुलै

साकव गेला. बाबा त्याच्यावर होते.

१६ जुलै

संगमेश्वरच्या अलीकडे सापडले. पंचा अंगावर होता.

१९ जुलै

नदी ओसरली. आज जाऊन पाहिलं.

मधला खांब आडवा पडलाय. मोडलेला नाही, तडा नाही. मुळासकट उपटावा तसा. तळ वर आलाय. तळाला गोटे आणि माती. कातळाचा खपलासुद्धा नाही. पाया कातळापर्यंत गेलाच नव्हता. गोट्यांवर खांब उभा केला होता — पाण्यानं गोटे नेले.

मी वाळूचा विचार करत बसले होते. वर्षं मोजत होते.

साहेब आले. चांगले बूट, दुसऱ्यानं धरलेली छत्री. पंचनामा. अतिवृष्टी म्हणाले. मी खांबाच्या तळाकडे बोट केलं. "मॅडम, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" असं म्हणून माझ्यासमोर हात जोडले. 'निसर्ग' म्हणे! भाषा शिकवते मी.

पाटी मात्र जागेवर आहे. स्वच्छ.

२१ जुलै

भेटायला येणारे सगळे तेच बोलतात. देवीनं सांगितलं होतं, तात्यांनी ऐकलान नाय. मथुरा पदर तोंडाला लावून रडली आणि तेच म्हणाली. महिपतकाकाही.

कुणी ठेकेदाराला शिव्या घालत नाही. साहेबाला नाही. नितेशलासुद्धा नाही! त्याच्या पाठीवरून हात फिरवतात.

चूक बाबांची.

२७ जुलै

तेरावं झालं. नितेशनं सगळं केलं, भटजी सांगतील तसं. मुंडण केल्यावर त्याचे कान बाबांसारखे दिसतात.

दीपाली म्हणते, जेवत नाही. सकाळी उठून नदीवर जाऊन बसतो. ती मागून जाते, लांब उभी राहते.

त्याला विचारायचं आहे, पाया तसा आहे हे तुला माहीत होतं का? प्रश्न तयार आहे. तो समोर आला की तोंड उघडत नाही. माहीत नसेल. खोदकाम दुसऱ्याच कुणाकडे दिलं असेल. माहीत असतं, तर पालखी न्यायची ठरली तेव्हा गप्प बसला असता? एवढी माणसं नाचणार होती त्याच्यावर!

या एका विचाराला धरून आहे. तो सुटला तर मला भाऊ नाही.

देवघरात ते शिंपलं अजून आहे. कुणी हलवलं नाही.

३ ऑगस्ट

भागोजी गुरव आला. ओटीवर चढला नाही. पावसात, अंगणात उभा. टोपी हातात.

"तो कौल देवीचा नव्हता गो बाय. आदल्या सांजेला नितेश देवळात आला. पाय धरलान माजे. म्हणाला, काका, पालखी पुलावर नको, माणसं नाचतील, डावा द्या. मी उजव्या कळ्याला गंध लावून घट्ट बसवला."

मग म्हणाला, "तात्यांना सांगायला हवं होतं काय मी?"

नितेश पडवीत कुदळीला दांडा बसवत होता. ठोकायचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.