कागदात पेरलेलं भात

१४ एप्रिल १९८५
कुंदाचं लग्न महिन्यावर आलं. नणंद एकुलती एक, दादांची (सासऱ्यांची) लाडकी. दादांना तिच्या ओटीत बियाणं घालायचंय, खाडीकाठच्या आपल्या शेतातलं शेवटच्या पिकाचं भात. शेत सरकारने घेतलं, वर मातीचा भराव पडलाय, आता तिथे नव्या मुंबईचा सेक्टर होणार. कुंदाच्या सासरी पनवेलपलीकडे अजून शेती आहे.
कुंदा म्हणाली, "पत्र्याचा डबा घेऊन सासरी जाऊ? हसतील मला." दादा ताटावरून उठले. ते असे उठले की घरात सगळ्यांचाच घास अडतो.
मी म्हटलं, कागदात घालून देते. शुभेच्छापत्रं करते. वाचायची, मग भिजवून मातीत पुरायची. ड्रॉइंगच्या कोर्सला हातकागद शिकले होते.
"कागदान बी?" म्हणाले दादा. पण हसले.

२० एप्रिल
माझ्या शाळेतले जुने पेपर बादलीत भिजत घातलेत. पाट्यावर वाटले. शाई उतरली, पाटा निळा. आई (सासूबाई) म्हणाल्या, "आता चटनी निली खायाची का?" तीन वेळा घासला.
आज आई पत्रिका वाटायला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात भाताचे डबे दोन. एकातलं पिवळंधमक, एकातलं काळपट. काळपट म्हणजे जुनं, म्हणजे बियाणं. लगद्यात त्यातलंच मिसळलं आणि उरलेला डबा माळ्यावर नीट ठेवला, कुणी हात लावायला नको.

२३ एप्रिल
हवा दमट, कार्डं दोन दिवस ओलीच. रुजून कोंब फुटले तर सगळं वाया. सारखी बघतेय. एकही कोंब नाही. बियाणं शहाणं आहे.

१२ मे
सगळे मांडवात आहेत, तेवढ्यात लिहिते.
काल ह्यांनी खाली राहिलेला डबा गिरणीत नेऊन भात कांडून आणलं. तांदूळ मांडवाच्या जेवणाच्या पोत्यात गेला. थोडा आईंनी दादांच्या पेजेला ठेवला. दम्यामुळे दादांना पेजच चालते, उकड्या तांदळाची.
सकाळी दादांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली. "यो उकडा नाय."
"तोंडाला चव नाय तुमच्या," म्हणत आई मांडवात गेल्या.
दादांनी मला हाक मारली. "सूनबाय, कागदान कंचं भात घातलंस?"
माळ्यावरचा डबा काढून दिला. त्यांनी एक दाणा नखाने सोलला, दाताखाली धरला. "उकडलेलं हाय. पेजेसाठी तुज्या सासूनं उकडून सुकवलेलं. यो जल्मात रुजायचा नाय."
मी देशावरची, ज्वारी खाऊन मोठी झालेली. साल आहे म्हणजे बी आहे, एवढंच मला माहीत. सालासकट उकडून ठेवतात हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बियाणं कांडून आणलं, आणि कार्डांत मेलेले दाणे.
दादा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "कुंदाला सांगू नको. लगीन होऊ दे." मग वाटी उचलून सगळी पेज संपवली.
"आपल्या शेताची हाय. टाकू कशी?"
मी मागच्या दारी जाऊन रडले.

१३ मे
हळद आज. दाराला आंब्याचं तोरण बांधायला हे स्टुलावर चढले, जुन्या लोंब्या ओढून फेकणार तोच दादा खाटेवरून, "थांब!"
नवान्नाच्या लोंब्या त्या. पीक निघालं की दाराला बांधतात. शेवटच्या पिकाच्याच, न उकडलेल्या. चिमण्यांनी बहुतेक टरफलं केलीत. दादा माझ्याकडे बघत होते. मी पदरात झेलल्या.
न्हाणीघरात बसून दाणा-दाणा दाबून पाहिला. भरलेले मूठभर पण नाहीत. बादलीतला लगदा आंबला होता, तसाच घेतला. एकच कार्ड झालं, जाड, वेडंवाकडं. पंख्याखाली धरून बसले. "वहिनी कुठंय," बाहेर सारखा ओरडा.

१४ मे
लागलं लग्न. ते कार्ड अजून थोडं ओलसरच. बाकीच्यांत मधे घालून लाल दोरा बांधला. दादांनी स्वतः गठ्ठा कुंदाच्या ओटीत घातला. "सगली पेर. एक पन कपाटात ठेवू नको."
कुंदा रडत हो म्हणाली. तिला काही माहीत नाही. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

२ जून
कुंदाचा निरोप नाही. दादा रोज विचारत नाहीत, नुसते बघतात. ते जास्त कठीण. दम वाढलाय. डॉक्टर म्हणाले, हलवायचं नाही.

२१ जून
कुंदाचा दीर फणस घेऊन आला. सांगत होता, कुंदाने परसात वाफा केला, सगळी कार्डं पुरली, शेजारणी बघायला आल्या वगैरे.
"उगवलं काय?" मी चहा ओतता ओतता.
"एका कोपऱ्यात हिरवं दिसतंय थोडं. भात हाय का गवत, इतक्यात नाय कळायचं."
दादा उठून बसले. "मला न्या."
हे म्हणाले, "दादा, गवत बघायला पनवेलपलीकडं? डॉक्टर काय बोलले?"
"कोंब भाताचा का गवताचा, हात लावला की मी सांगन."
ह्यांनी खूप वाद घातला. शेवटी टॅक्सी सांगितली, उद्या सकाळी. सोबत मी. आई विचारतायत एवढी घाई कसली, काय सांगू त्यांना?
दादांनी धुतलेलं धोतर आजच उशाशी काढून ठेवलंय. गवत निघालं तर काय म्हणायचं हे सुचत नाही. माझं ऐकणारच नाहीत ते, हात लावून बघणार.