गालातले हरभरे

४ ऑक्टोबर २०२०, रविवार
ज्योत्स्नाचा फोटो पेपरात. तिसरं पान. पांढरा सूट, तोंडावर काच, चेहरा दिसतच नाही. तरी ओळखली. डाव्या हातात हॅमस्टर, उंदराच्या जातीचा, मानेमागची सैल कातडी चिमटीत. ती चिमूट मी शिकवलेली, इंदूरला, एकाच टेबलावर दोघी पीएच.डी.ला होतो तेव्हा. आता ती 'खंडवा की बेटी'. कोरोना फुप्फुसात शिरून नेमकं काय करतो ते ह्या प्राण्यांवर तपासते. मी तिसऱ्या वर्षी लग्न करून बऱ्हाणपूरला. कुणी ढकललं नव्हतं, हेही लिहून ठेवते.
सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "तुही मैत्रीण ना वं ही? मंग तू काबरं नाही गेली तिकडे?"
म्हटलं, गॅसवर दूध आहे. नव्हतं.

६ ऑक्टो.
गच्चीवरून क्लास घेतला, खाली नेटवर्क येत नाही. गांडुळाची पचनसंस्था, मोबाईलवर. सगळ्या पोरींचे कॅमेरे बंद. शेजारचे लूम, कापडाचे यंत्रमाग, खडखडतायत, त्यावरून ओरडून जठर शिकवायचं. कॉलेजात माझं पद 'अतिथी विद्वान'. सोळा वर्षं झाली, पाहुणीच आहे अजून.
जळते मी ज्यो.वर. लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

८ ऑक्टो.
ज्यो.चा फोन. वर्षभराने. मी विळीवर भेंडी चिरत होते. फोटोबद्दल बोलेल वाटलं, तर रडगाणं. "सुनी, वजनच नीट उतरत नाही गं."
विषाणू दिला की हॅमस्टर पाच-सहा दिवस वाळत जातो, मग हळूहळू भरून येतो. आजार किती झाला ते त्या उतारावरून ठरतं. हिच्याकडे फुप्फुसं खराब, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, पण वजनांचा नुसता गोंधळ. एक खाली, एक वर, तिसरा जागच्या जागी. तिचा साहेब म्हणतो हॅमस्टर सोड. साध्या उंदराला हा आजार लागत नाही, म्हणून माणसाचं जनुक घातलेले उंदीर बाहेरून मागवायचे, आणि ते काम दुसऱ्याकडे. मंगळवारी ती हॅमस्टरची शेवटची तुकडी सुरू करणार. बिघडलं की प्रकल्प गेला.
विचारलं, खायला काय देता?
"पेलेट कहाँ मिल रहे यार, लॉकडाऊनपासून बंद. भिजवलेले हरभरे नि गहू."
कळलं. तिथेच कळलं. भेंडी हातात तशीच.
म्हणाले, "जुनी वही बघून सांगते."

९ ऑक्टो.
वही दिवाणात होती, हिरव्या पुठ्ठ्याची. माझंच अक्षर: 'वजनाआधी गालाच्या पिशव्या रिकाम्या करणे. अंगठा खांद्यापासून पुढे.'
हॅमस्टरच्या गालात खांद्यापर्यंत पिशव्या असतात. पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, कमी भरतो, हरभरा मिळाला की ठासतो. आजारी असला तर खात नाही, पण साठवणं सोडत नाही. अंग उतरतं, गाल भरतात, काटा काहीही सांगतो. आम्ही एकाच्या गालातून अकरा हरभरे काढले होते. ज्यो. हसता हसता स्टुलावरून पडली होती.
विसरली. दोन-दोन हातमोजे, सूट, आत घामाची आंघोळ. तिथे कोण तोंडात बघतंय.
एका ओळीचा मेसेज पुरला असता. केला नाही.

११ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. दापोऱ्याहून, केळीच्या बागेतून आले होते, पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होते.
"तो बता दे ना तिला. तुझं काय जातं?"
काहीच जात नाही. पण तिच्याकडे नाही नि माझ्याकडे आहे अशी सोळा वर्षांत ही एवढी एकच गोष्ट. हे त्यांना कसं सांगू. म्हटलं, जेवायला वाढते.

१३ ऑक्टो., मंगळवार
आज तिने सुरू केलं असणार. सकाळी मेसेज होता, 'वही मिली क्या?'
'शोधतेय' लिहिलं.
वही समोर, ताटाखाली ठेवलेली. कव्हरवर वरणाचा डाग पडला.

१९ ऑक्टो.
सहावा दिवस. आज काही हॅमस्टरांची फुप्फुसं काढायची असतील. म्हणजे मारायचे. चोवीस आहेत म्हणाली होती.
मी प्राणी मारलेत, नाटक करत नाही. पण मोजमाप चुकतंय हे माहीत असताना कधी मारला नव्हता. इंदूरचे आमचे सर म्हणायचे, प्राणी वाया घालवायचा नाही. हे मात्र मी आणि ज्यो. दोघींनी पाठ केलं होतं.
सासूबाई दुपारभर सुपारीचं खांड गालात धरून बसतात. विचारलं, चावत काबरं नाही?
"चावली का सरली ना वं."
हसले. मग भांडी घासायला गेले. एरवी बाई घासते.

२७ ऑक्टो.
मीच फोन केला. चौदा दिवस आज पुरे झाले. आवाज बसलेला तिचा. तसाच गोंधळ, शुक्रवारी साहेबांपुढे मीटिंग. रडली असती तर मी कदाचित गप्प राहिले असते. ती माझ्या क्लासचं विचारायला लागली. मुली येतात का, पगार वेळेवर होतो का. मग म्हणाली, "तू इथे असतीस ना सुनी, तर हे झालंच नसतं. तुझा हातच वेगळा होता." सहज म्हणाली, लोणी लावायला नव्हे.
विचारलं, "वजनाआधी गाल रिकामे करता का?"
ती हसायला लागली, अगदी स्टुलावरचं हसू.
"अरे यार. अकरा हरभरे."
आकडासुद्धा लक्षात होता तिच्या.
"कब याद आया तुझे?"
"आत्ता. बोलता बोलता."
खोटं इतकं सोपं निघालं की...

१६ नोव्हें.
फराळाचे डबे तळाला गेले. ज्यो.ने आलेख पाठवला. साहेबाने आणखी एक तुकडी करू दिली. पेलेट अजून नाहीत, हरभरेच, पण रोज गाल रिकामे करून वजन. रेघ सहाव्या दिवसापर्यंत खाली, मग वर. वयस्कर प्राणी जास्त उतरले, तरुण कमी. पुस्तकातल्यासारखं. फोन ह्यांना दाखवला, सासूबाईंना दाखवला. पाव तास खरंच आनंदात होते.
मग आठवलं, रेघ तिची आहे.

३ डिसें.
ज्यो.ने शोधनिबंधाचा मसुदा पाठवला. सोबत: 'तुझं नाव आभारात नाही, वर लेखकांत टाकतेय. माझ्या नावाच्या लगेच मागे. माहेरचं लिहू की सासरचं?'
तीनदा वाचलं. माहेरच्या नावाने पीएच.डी.ची नोंदणी होती. त्या नावाने मला कुणी हाक मारून किती वर्षं झाली.
मग मसुदा वाचला. कार्यपद्धतीत गालाच्या पिशव्यांची ओळ आहे, जवळजवळ माझ्या वहीतलीच. खाली तक्ता. पहिली तुकडी: वजने ग्राह्य नाहीत. दुसरी तुकडी, सुरुवात १३ ऑक्टोबर, प्राणी चोवीस: वजने ग्राह्य नाहीत. तिसरी, पूर्ण आलेख.
पहिली तुकडी ज्यो.च्या विसरण्यात गेली. दुसरीचं मला आठ तारखेपासून माहीत होतं. ते चोवीस माझे. तक्त्यात तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि मी सांगितलं नाही तर कुणी लिहिणारही नाही. सांगितलं तर ज्यो. नाव काढेल का? ज्यो. काढणार नाही बहुतेक. म्हणूनच सांगणं जास्त अवघड...
मला नाव हवंय. वर, छापलेलं. फार हवंय.
दुपारी पुन्हा मेसेज: 'बोल ना सुनी. कल भेजना है.'
माहेरचं नाव टाइप केलं, पुसलं. मग 'ज्यो, ८ ऑक्टोबरला' एवढं टाइप केलं. ते अजून तसंच आहे, पाठवलेलं नाही, पुसलेलंही नाही. सासूबाई आतून विचारतायत, कोणाचा फोन आहे वं.