मावशीची साइट आणि माझा शब्द

प्रिय गुंड्या,

दोन दिवस माझा फोन कापतोयस, म्हणून हे पत्र. सुनेकडून सगळं कळलं. खालच्या मजल्यावरच्या मावशीने 'एस्क्रोशिवाय माझी शिवणकामाची वेबसाइट विकणार नाही' असं कळवल्यापासून तुझं डोकं फिरलंय, आणि हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं म्हणून तू घर डोक्यावर घेतलंयस म्हणे. आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच.

मावशीची निम्मी खोली खोक्यांत भरून झालीय. घरमालकाला महिनाअखेर जागा रिकामी हवी आहे. शिवणयंत्र तेवढं अजून उघडं आहे, कारण कुणा बाईने उलटी बाही लागल्याचा फोटो पाठवला की ही बया लगेच तुकडा कापून तसंच करून बघते आणि मग साइटवर उत्तर लिहिते. एका बोटाने टाइप करत तिने हे सगळं उभं केलं, फ्रॉकपासून कोटापर्यंत. आता डोळे साथ देत नाहीत. साइटचे जे पैसे येतील त्यातूनच नव्या जागेचं डिपॉझिट भरायचं, दुसरं काही तिच्याकडे नाही. हे तुलाही ठाऊक आहे.

आणि तू तिला काय सांगितलंस? साइट आधी माझ्या नावावर कर, पैसे पंधरा दिवसांत देतो, घरच्या घरात मध्यस्थाची फी कशाला! अरे, एस्क्रो म्हणजे काय ते मला तूच शिकवलंस ना? तुझी पहिली साइट विकलीस तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून, हातवारे करून. घेणाऱ्याने पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, मग विकणाऱ्याने साइट सोपवायची, घेणाऱ्याने तपासून होकार दिला की पैसे विकणाऱ्याला. त्याशिवाय मी कुणाला पासवर्डसुद्धा सांगणार नाही, म्हणाला होतास. किती शहाणा झाला माझा मुलगा, असं वाटलं होतं मला.

रविवारी तू इकडे आला होतास, तेव्हा गॅलरीत फोनवर बोलत होतास. मी वाळलेले कपडे काढायला आले होते, मुद्दाम नाही ऐकलं. साइट दोन दिवसांत हातात येतेय, तुम्ही पैसे तयार ठेवा, असं कुणाला तरी सांगत होतास. म्हणजे तिची साइट पुढे विकायची आणि त्यातून तिला द्यायचे. आणि त्या माणसाने ऐनवेळी हात वर केले तर? तू लबाड नाहीस रे. तुला खरंच वाटतं की सगळं जमून येईल. बाबांचा कॅमेरा नेलास, तोसुद्धा तू आठवड्यात आणून देणार होतास. ते हसले आणि सोडून दिलं, कारण ते तुझे बाबा होते. मावशी कुठून सोडून देणार?

परवा ती लॅपटॉप छातीशी धरून वर आली. साइट तुझ्या नावावर करायचं सगळं भरून झालं होतं, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. तिला एस्क्रो वगैरे काही माहीत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, तू त्याची आई आहेस, तू हो म्हणालीस की मी दाबते. गुंड्या, हो म्हणायला मला क्षणभरही लागायला नको होता. पण मी तिचं बोट धरून बाजूला केलं आणि एस्क्रो माग म्हणून सांगितलं. तिच्या डोक्यात हे घालणारी मीच. तिने माझं नाव तुला सांगितलं नाही, माझी लाज राखली. म्हणून मीच सांगते आहे. पैसे असतील तर आजच एस्क्रोत भर, आणि मग येऊन मला वाट्टेल तसं बोल, मी मान खाली घालून ऐकेन. नसतील तर आजच तिला तसं सांग, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक शोधायला तिला वेळ मिळेल. मला तुझी खात्री देता आली नाही, बाळा. मला खोटं ठरव. एवढं एकदा तरी मला खोटं ठरव.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच,
आई