दोघांना चालेल अशी मोटार

३ नोव्हेंबर १९४६, रविवार

मागावरच्या लुगड्याच्या काठात परत चूक! तुटलेला जांभळा धागा यांनी काळ्याला सांधलाय आणि वर दोन बोटं विणूनही झालंय. हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी उसवलं, धागा नीट सांधला आणि चुलीपाशी येऊन बसले. दिवाळीपासून ही सहावी वेळ.

परवा परीक्षाच घेतली. यांच्या डाव्या हाताला कपबशी धरून मुकाट्यानं उभी राहिले. हे समोर भिंतीकडे बघत बसलेले. 'चहा' म्हटल्यावर हात पुढं आला. म्हणजे डावा डोळा गेलाच आहे, उजव्यावर कसंबसं निभावतंय. मला काही सांगितलेलं नाही. मीही विचारणार नाही.

विचारून काय होणार ते ठाऊक आहे. मामंजींचे डोळे गेले तेव्हा त्यांना मागाच्या खड्ड्यातून उठवलं आणि आम्हा बायकांत रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसवलं. सात वर्षं रहाट फिरवत होते. व्यापारी दारात आले तरी मामंजींशी बोलायचे नाहीत, सरळ आत यायचे. ते बघून हे एकदा म्हणाले होते की अशी पाळी आपल्यावर आली तर विहीर जवळ करू. थट्टेत नव्हते म्हणाले.

७ नोव्हेंबर

आता मोटारीचं खूळ!

लढाईत सूत मिळेना, शहापुरातले निम्मे माग बंद, तेव्हा हे बेळगावच्या कॅम्पात मिलिटरीची लॉरी चालवायचे. ते दिवस अजून डोक्यातून गेलेले नाहीत. साहेब लोक विलायतेला निघालेत, जाताना मोटारी कवडीमोलानं फुंकून टाकतायत. यांचं म्हणणं, आपण एक घेऊ. माग पुतण्याच्या हवाली करू. लुगडी आपणच निपाणी-संकेश्वरला नेऊन घालू, सर्व्हिस मोटारीच्या टपावर गठ्ठे भिजवायला नकोत.

म्हणजे मागावरून कुणी उठवायच्या आत स्वतःच उठायचं. डोकं चांगलं चालवलंय. मोटारीलाही डोळे लागतात, तेवढं मात्र सोयीनं विसरले.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली मोटार बघून आलो. दाखवणारा गुंडू मिस्त्री. हा यांच्याबरोबर लॉरीवर होता, आता जुन्या मोटारींची दलाली करतो. मोटार उघडी, डोक्यावर नुसतं कापड. नाव इंग्रजी, लक्षात राहिलं नाही. हे धोतराच्या सोग्यानं तिची काच पुसत होते. इतके खूश बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

मी म्हटलं, धूळ उडून लुगड्यांची माती होईल. गुंडू म्हणाला, वर ताडपत्री घालू. मी म्हटलं, गाडी उभी केली की आत कुत्री चढतील. तोंडाला येईल ते बोलत होते. शेवटी यांनी काचेवरचा हात काढला आणि आम्ही चालत घरी आलो.

१४ नोव्हेंबर

दुसरी मोटार. मी म्हटलं, रंग सुतकी आहे. कारणं संपत चाललीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

तिसरी मोटार मोठी, चार दारांची. मागं ऐसपैस गादी, खिडक्यांना पडदेसुद्धा. आज नणंदबाई बरोबर होत्या — नागुआक्का. त्यांना तर ती पाहताक्षणी पसंत. बाईमाणसानं मागं पडद्यात बसायचं, पुढं गडी, झाकपाक सगळी. गुंडूनं इंजिनाची तारीफ केली, आक्कांनी गादीची. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नाही म्हटलं. आक्का वाटभर माझ्यावर तोंड टाकत होत्या.

घरी आल्यावर हे उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "अंजनी, तू म्हणशील ती गाडी घेऊ. पन घ्यायचीच. घरात बसून मरायचं न्हाय मला."

मी आत जाऊन चूल पेटवली.

१८ नोव्हेंबर

भीती वाटते. लिहायला लाज कसली? भीतीच वाटते. निपाणीच्या वाटेवर वंटमुरीच्या घाटात डावीकडून बैलगाडी आली तर यांना दिसणार नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं असतात, म्हातारी माणसं असतात. सांगावं तर हे उद्यापासून रहाटाशी. न सांगावं तर...

सकाळपासून कांड्या भरता भरता एकच विचार. जाणारच असतील तर एकटे जायचे नाहीत. मी बरोबर, तीही मागं पडद्यात नाही, डाव्या अंगाला लागून. डावीकडचं दिसेल ते मी बोलून सांगायचं. बायकोची बडबड म्हणून खपेल, बडबडीचा कुणाला संशय येत नाही.

तेव्हा आता मोटार मी निवडणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडली! दोन दारांची, ठेंगणी. मागं माणूस बसेल अशी जागाच नाही, गठ्ठे तेवढे राहतील. पुढं दोघं खांद्याला खांदा लावून. कुणी सांगायच्या आत मी चढून बसले. समोरची काच लखलखीत, डावीकडची खिडकी मोठी. गुंडूला इंजिन लावायला सांगितलं आणि यांच्याशी हळू आवाजात बोलून बघितलं. शब्दन् शब्द ऐकू गेला.

गुंडू हसायला लागला. गिऱ्हाइकं चाकं बघतात, टायर बघतात, कुणी हॉर्न वाजवून बघतं. आत बसून गप्पा मारून मोटार पारखणारी मी पहिलीच म्हणे.

हे नाराज. यांना ती पडदेवाली हवी होती. "अगं, माझं गुडघं हनुवटीला लागाय लागल्यात," म्हणाले. मी म्हटलं, माझे नाही लागत. दोघांना चालेल अशी मोटार साहेबानं केलेलीच नाही, तेव्हा एकाचे गुडघे जायचेच. मग हसले आणि हो म्हणाले. एक वचन घेतलं — घाई करायची नाही, सायकलच्या पुढं जायचं नाही. तेही दिलं. एवढ्या लवकर देतील असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आक्का येऊन गेल्या. नवऱ्याच्या शेजारी बसून बाजारातून जाणार! आपल्या कोष्ट्यांत असं कुणी केलंय का? त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं — "मडमीन झालीस व्हय गं?"

झाले.

१ डिसेंबर, रविवार

निपाणीची पहिली फेरी. नारळ फोडून निघालो. शहापुरातून बाहेर पडेपर्यंत माझी मान खाली, गल्ली सगळी दारात उभी! कॅम्प ओलांडल्यावर पदर खोचला आणि सुरू झाले.

बाई, केवढी ही म्हसरं डाव्या बाजूला! ती बघा, एक मधे आली. काय बाई हा खड्डा, कुणी बुजवीत नाही. कोण ती म्हातारी, डोक्यावर भारा घेऊन आपल्याकडेच येते आहे. समोरून लॉरी आली वाटतं, पिवळी आहे. वडाचं खोड किती रस्त्यावर आलंय नाही?

असं निपाणीपर्यंत. म्हशीपाशी चाक आपोआप वळायचं, म्हातारीपाशी ब्रेक लागायचा. मी सांगते आहे असं मी दाखवलं नाही. घाटात तर तोंड क्षणभर थांबलं नाही. यांचा हात चाकावर अजून पक्का आहे हे खरं. गाणं गुणगुणत होते. व्यापाऱ्यानं बाहेर येऊन 'केदारीअण्णा, मोटारवाले झालात!' म्हणून हात मिळवला तेव्हा यांची छाती अशी फुगली की मला भरून आलं.

४ डिसेंबर

घसा बसलाय. ज्येष्ठमध चघळते आहे.

८ डिसेंबर, रविवार

दुसरी फेरी. गुंडू संकेश्वरपर्यंत मागं गठ्ठ्यांवर बसून आला. उतरताना मला हात जोडले, "वैनी, त्वांडाला इस्टार्टर हाय, बिरेक न्हाय." हे खदखदून हसले. मीही हसले. काय करणार?

१५ डिसेंबर, रविवार

निपाणी. मावसबहिणीकडे मुक्काम, उद्या सकाळी परत.

आज व्यापाऱ्याच्या पेढीवर पाच-सहा माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, बायकोला शेजारी घेऊन हिंडता, हौस आहे बुवा! यांनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, "हौस कसली? हिची टकळी ऐकून कान किटलं माझं. पुढल्या खेपेला गठ्ठ्यात बांधून आणतो." सगळे हसले. मी उंबऱ्याशी उभी, हातात लुगडी.

दोन आठवडे घसा फोडते आहे, तो कुणासाठी? नणंदेचं ऐकून घेतलं, गल्लीचं ऐकून घेतलं. यांनी असं चारचौघांत बोलावं?

राग आलाय. चांगलाच आलाय. उद्या घाट उतरेपर्यंत बोलेन, कारण जीव आहे. त्यापुढं काकतीचा रस्ता सरळ आहे. तिथून एक शब्द बोलणार नाही.

१६ डिसेंबर

घाट संपला, काकतीच्या अलीकडे मी गप्प झाले. रस्ता मोकळा होता. गाडी हळू झाली. मग आणखी हळू. मागून येणारी बैलगाडी आम्हाला ओलांडून पुढं गेली, तरी मी गप्प. मग यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर तसेच.

म्हणाले, "बोल की गं. तू बोलल्याबिगर मला रस्ता कुठला दिसतोय?"

माझी बडबड कशासाठी ते यांना कधीपासून ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. मी उतरले, वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले आणि म्हटलं, सरका तिकडं, पायाशी काय काय असतं ते मला शिकवा.

ते सरकले.