चारच दिवस

रत्नागिरी,
ता. ९ जानेवारी १९३४

प्रिय दमयंती,

आत्मारामचे पत्र काल आले. पालीपर्यंत तू मोटारीत उभीच होतीस, पाठ दुखते म्हणालीस, असे तुझा भाऊ लिहितो. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना तपासताना तुझ्या पोटात गाठ हाताला लागली. ती साधी असावी, पण अंगातले रक्त इतके कमी का, हे त्यांना उमगेना. पुढचे त्याने शब्द चुकवत लिहिले आहे. दर महिन्याला अंगावरून किती दिवस जाते असे विचारल्यावर तू चार सांगितलेस. चारच असतील तर सहा महिने औषध घ्या, गुरुवारी घरी जा, असे ठरले. आत्माराम खुशीत आहे.

मी मात्र डायरी काढली. तू बाहेर बसलीस की चूल माझ्याकडे, म्हणून ते दिवस तिच्यात आपोआप आले आहेत: भात करपला, कुळथाचे पिठले पातळ झाले. बत्तीस सालच्या चैत्रात असे सहा दिवस, ज्येष्ठात नऊ, श्रावणात बारा. बाराव्या दिवशी शेजारच्या गंगुबाई कुंपणाच्या गडग्यावरून म्हणाल्या, "मास्तरांनू, औंदा चातुर्मास चुलीम्होरंच काय वो?" मी हसलो, आणि आत येऊन तुला म्हणालो की बसून खायची सवय बरी लागली. तेही लिहिलेले आहे. त्यानंतर दर महिन्याला चारच दिवस. वैद्यांचा काढा लागू पडला असे मी समजलो. आडावरून येताना तू दोनदा घागर टेकायचीस, त्याची नोंद आहे. कारण म्हणून मी ऊन लिहिले आहे.

काल पाणी तापवायला खोपीतली नारळाची सोडणे उपसली. तळाशी माझी हरवलेली धोतरे निघाली. फाडून, धुऊन, घड्या घातलेली. डाग गेले नव्हते. किती होती ते लिहीत नाही.

म्हणजे चौथ्या दिवशी न्हाऊन तू घरात येत होतीस, आणि ते थांबलेले नसायचे. त्याच हातांनी चूल, त्याच हातांनी देवाची फुले. हे मला कळेल या धास्तीनेच तू तिथेही चार सांगितलेस ना? विटाळ मी खरा मानतो की नाही, याचे उत्तर मी इतका शिकूनही डायरीतसुद्धा दिलेले नाही. पण दोष असलाच तर तो माझा, हे आज देवापुढे बोललो आहे. आत्मारामला थांबण्याची तार केली आहे. सोबत तारखांचा कागद ठेवतो. श्रावणानंतरचे रकाने कोरे आहेत. ते तुझ्याशिवाय कुणाला भरता येणार नाहीत. खरे आकडे घाल आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दे. मला दाखवू नकोस.

तुझाच,
गंगाराम