भावजींनी चकाकवलेला अकॉर्डियन

गाझियाबाद, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९९५

अखेर अकॉर्डियन घरी आला. जुनाच, जर्मनीतल्या धाकट्या दिरांनी शोधून दिलेला. पण पाठवण्याआधी भावजींनी तो घासूनपुसून इतका चकाकवला, की कस्टमचा साहेब म्हणाला, "मॅडम, ये तो बिल्कुल नया है." म्हणजे ड्यूटी नव्याच्या भावाने. मग तो तिथेच सोडून यावा लागला असता.

जुन्या वस्तूची झीज बघून किंमत धरतात, हे मी लायब्ररीत वाचलं होतं. भाता पूर्ण उघडून दाखवला. घड्यांमध्ये चामड्याची ठिगळं. तिथवर भावजींचं फडकं पोचलं नव्हतं, नशीब! भावजींच्या घासपुशीची हकिगत ऐकून साहेब हसला. "देवरजी ने तो आपको मरवा ही दिया था." जुन्याचा भाव लावला.

सही घेताना विचारलं, "बजाता कौन है?"

हे वाजवायचे. यांचा अकॉर्डियन यांच्याच शेवटच्या आजारपणात विकला, तेव्हापासून घर मुकं आहे. पण तोंडातून निघालं, "मैं."

संध्याकाळभर तेच डोक्यात. खोटं बोलले का? मला तर 'सा'सुद्धा सापडत नाही.

आत्ता पट्टा खांद्यावर घेतला. आधीचा मालक उंच असावा. दोन भोकं आवळला. आता मला बसतो.