आईसारखा रस्सा

६ ऑक्टोबर १९७४, रविवार

ओतला! भांडंभर रस्सा डुकरांपुढे ओतला. पहाटे उठून चूल पेटवली, मांसाच्या गुंडाळ्या दोऱ्याने बांधून तेलात लाल केल्या, वर बाटलीतला टोमॅटो — दुपारपर्यंत मंद आचेवर रटरटत होता. साव्हेरियोने पास्त्याचा एक घास घेतला नि काटा खाली ठेवला. "आईसारखा नाही." संपलं. उपाशीच पत्ते खेळायला गेला.

सासूबाई आतल्या खोलीत. अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय. रश्शात काय घालायच्या ते आता कोणाला विचारू?

८ ऑक्टोबर

शिकवलंच नाही मला त्यांनी. मांस लाल होईपर्यंत शेजारी उभं करायच्या. मग, "इनकोरोनाता, जा बाई, कोंबड्यांकडे बघून ये." परत येते तो झाकण पडलेलं!

ऑगस्टात टोमॅटो बाटल्यांत भरायचा, तेव्हा तर अंगणातसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. "अडचण आहे ना तुला? तुझा हात लागला तर बाटल्या फुटतील." नाही म्हटलं तरी, "असेल, असेल. लांबच राहा." साऱ्या गल्लीसमोर! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोरची लुक्रेत्सिया मात्र त्यांना खेटून बसलेली. तीच सून म्हणून हवी होती त्यांना. साव्हेरियोने मला पसंत केलं, तो राग त्यांनी कधी सोडला नाही. लुक्रेत्सिया आता विधवा आहे. मला तिची कीवच येते.

१३ ऑक्टोबर, रविवार

दालचिनी घातली. "हे काय, केक केलायस?" गेला उपाशी.

२० ऑक्टोबर, रविवार

तमालपत्र. वाइनही जास्त. आज एका घासातच टोपी उचलली. मी एकटीच ताटासमोर बसले. बाहेर दिवसभर थंडीचा वारा.

२२ ऑक्टोबर

आज सरळ विचारलं. "मम्मा, तुमचा मुलगा उपाशी राहतोय. दालचिनी असेल तर एक डोळा मिटा."

दोन्ही मिटले.

"जायफळ?" मिटलेलेच. चमचाभर रस्सा ओठांना लावला तर थुंकल्या — अर्ध्याच तोंडाने, पण नेमक्या माझ्या अंगावर! काय ती बाई! मग त्यांचं तोंड पुसलं, चादर बदलली, आणि मोरीत जाऊन रडले. यांचं हगणंमुतणं मी काढते. रश्शाचं गुपित गेलं खड्ड्यात. माझ्या हातचं जेवण माझ्या नवऱ्याने एकदा शेवटच्या घासापर्यंत खावं, बस. एवढं मोठं मागणं आहे का ते?

२ नोव्हेंबर

सासूबाई गेल्या. नेमक्या मृतांच्या सणाला, सगळं गाव कबरस्तानात फुलं घेऊन गेलेलं असताना. त्यांचा हात माझ्या हातात होता. सोडवून घ्यायची ताकद नव्हती म्हणूनही असेल.

चूल विझवली. सुतक संपेपर्यंत पेटवायची नाही, गल्लीतली घरं पाळीपाळीने जेवण आणतील. देवा, क्षमा कर — पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की उद्याचा रस्सा टळला!

३ नोव्हेंबर, रविवार

पुरून आलो. शेजारच्या पेप्पीना मावशीने कोंबडीचं सार आणलं. "खा गं पोरी, मेलेल्याबरोबर कोणी मरत नाही." मग साव्हेरियो बाहेर गेल्याचं बघून हळूच, "म्हातारी रस्सा थडग्यात घेऊन गेली बघ. सुटलीस!"

मला हसू आलं. काळ्या ओढणीआड तोंड लपवलं. आता हळूहळू विसरेल तो. चूल पेटली की माझ्या पद्धतीने करीन, नि तोच या घरचा रस्सा होईल.

५ नोव्हेंबर

आज जेवण आणायची पाळी लुक्रेत्सियाची होती. झाकलेलं भांडं टेबलावर ठेवलं, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गेली. झाकण काढलं तेव्हाच वासावरून कळलं. पहिल्या घासाला तर खात्रीच पटली — सासूबाईंचाच रस्सा! तिला शिकवलं होतं! साव्हेरियोला आता हुंदका फुटणार म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. शेवटी पावाने ताट पुसून घेतलं.

"नेहमीपेक्षा आज मीठ जरा कमी पडलंय तिच्या हातून," म्हणाला.